शिकंजे, पोलादी पट्ट्या आणि लाकडी विमान

सुताराच्या कारखान्यात सर्वांत लवकर अपुरी पडणारी वस्तू म्हणजे शिकंजा, ज्याला आज सर्रास क्लॅम्प म्हणतात. रंधा फळीवरून फिरला की मोकळा होतो. शिकंजा मात्र सांधा वाळेपर्यंत अडकून पडतो. एका सांध्याला सहा शिकंजे आणि वाळायला चार तास लागत असतील, तर दिवसाकाठी किती काम उठेल हे कारागिराच्या हातापेक्षा शिकंज्यांच्या संख्येवर अधिक ठरते. स्वस्त आणि हलका शिकंजा कोणता, हा प्रश्न त्यामुळे हौशी माणसाच्या काटकसरीपुरता उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो एका विमानाच्या रूपाने उभा राहिला, आणि त्याचा शेवटचा, दुःखद अध्याय हिंदुस्थानच्या आकाशात घडला.

त्याआधी थोडे मागे जावे लागते. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस गरम असतानाच लावावा लागतो आणि काही मिनिटांत थिजतो. शिकंजे आवळत बसायला तो सवड देत नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी फळ्यांच्या कडा अचूक रंधून, सरस लावून, एकमेकींवर घासून बसवण्याची रीत काढली. थंड होणारा सरसच त्यांना ओढून धरी. जिथे हे पुरत नसे तिथे पाचरी ठोकल्या जात, दोरी गुंडाळून तिला काडीने पीळ दिला जाई. तंतुवाद्ये घडवणारे तर लवचीक काठ्या वरच्या फळीला टेकवून, वाकवून, त्यांच्या ताणानेच पातळ फळी दाबून धरत. यांतल्या कशालाही फारसे पैसे पडत नसत.

या सगळ्या युक्त्यांमागे एक साधी भूमिती आहे. शिकंज्याचा दाब लाकडात साधारण ४५ अंशांच्या पंख्यासारखा पसरत जातो. पातळ फळीवर तो थेट टेकवला तर जेमतेम खालचा ठिपका दाबला जातो; मध्ये जाड लाकडी पट्टी ठेवली की तोच शिकंजा हातभर सांधा सांभाळतो. टाकाऊ लाकडाचा एक सरळ तुकडा महागडे चार शिकंजे वाचवतो. जर्मनीतल्या स्टुटगार्ट येथील बेसी कंपनीने १९३६ साली पोलादी दांड्यावर सरकणारा शिकंजा आणला, तोही वजन आणि वेळ वाचवणाराच होता. पण जाड पट्टीची युक्ती त्याच्याही आधीची, आणि आजही तितकीच खरी.

आता विमानाकडे. इंग्लंडमधील डी हॅविलँड कंपनीने युद्धाच्या तोंडावर लाकडी बॉम्बफेकी विमानाची कल्पना मांडली. कारणे व्यवहारी होती. युद्धात अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होणार हे उघड होते, आणि फर्निचरच्या कारखान्यांतले कुशल हात धातूच्या विमानांच्या काही उपयोगाचे नव्हते. सरकारी खात्यात या कल्पनेची टर उडवली गेली. पाठीशी उभे राहिले ते प्रामुख्याने एअर मार्शल विल्फ्रिड फ्रीमन. मार्च १९४० मध्ये ५० विमानांची मागणी नोंदवली गेली आणि २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्डहून पहिले ‘मॉस्किटो’ उडाले. ते समकालीन स्पिटफायरपेक्षाही वेगवान निघाले, तेव्हा टर उडवणारे गप्प झाले.

मॉस्किटो हे एका अर्थाने आकाशात उडणारे प्रचंड चिकटकाम होते. त्याचे धड बर्च झाडाच्या प्लायवूडचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये इक्वेडोरहून आणलेले अतिशय हलके बाल्सा लाकूड, असे तिपदरी होते. माशाची शिकार चिरावी तसे ते लांबीतून दोन अर्धकांत, महोगनीच्या किंवा काँक्रीटच्या साच्यांवर घडवले जाई. तारा आणि नळ्या बसवून झाल्या की मग दोन्ही अर्धके जोडली जात. लाकडावरून ताणून बसवलेले कापड मदापोलम जातीचे सुती कापड होते. आंध्र किनाऱ्यावरच्या ज्या गावावरून हे नाव पडले, त्यावरूनच आपला ‘मांजरपाट’ शब्द आला असे मानले जाते.

एवढ्या मोठ्या वक्र पृष्ठभागावर दाब द्यायचा कसा? नेहमीचे शिकंजे लावायचे तर ते शेकड्यांनी लागले असते, आणि धडाच्या मधोमध त्यांचे जबडे पोहोचलेच नसते. उत्तर होते लवचीक पोलादी पट्ट्या. साच्यावर आतला थर चढवायचा, त्यावरून शेजारीशेजारी पट्ट्या टाकायच्या आणि टर्नबकल फिरवून आवळायच्या. चिकटा धरला की पट्ट्या सोडून बाल्सा बसवायचा, पुन्हा पट्ट्या. मग पृष्ठभाग घासून बाहेरचा थर, पुन्हा पट्ट्या. दोरी-काडीचीच ही पोलादातली मोठी बहीण. पट्टी जितकी अधिक वळते तितकी ती आत दाबते. मात्र सपाट जागी ती नुसती ताणलेली राहते, दाब जवळजवळ शून्य. पंखासारख्या सपाट भागात म्हणून चिकट्याच्या जोडीला पितळी स्क्रू लागले. तिथे कारागिराला डोळ्यांनी न दिसणाऱ्या सांध्यावर विश्वास ठेवावा लागे.

आरंभी वापरलेला चिकटा केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा होता. तो मजबूत असला तरी ओल आणि बुरशी त्याला सोसत नसे. केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या एअरो रिसर्च या संस्थेने युरिया-फॉर्माल्डिहाइडचा ‘एअरोलाइट’ हा कृत्रिम चिकटा तयार केला होता. पुढे मॉस्किटोत याच जातीचे चिकटे आले. त्यांच्यासोबत आणखी एक युक्ती आली. सांध्यालगत धातूची पातळ पट्टी ठेवून तिच्यातून कमी व्होल्टेजचा प्रवाह सोडायचा. उष्णतेने चिकटा झपाट्याने कठीण होतो आणि अडकलेला साचा मोकळा होतो. हाताशी शिकंजे कमी असतील तर प्रत्येकाची अडकून राहण्याची वेळ कमी करावी, हे त्यामागचे गणित. या संपूर्ण कहाणीतली सर्वांत हुशार कल्पना बहुधा हीच.

युद्ध संपेपर्यंत आणि नंतर मिळून ७,७८१ मॉस्किटो बनली. हाय विकमसारख्या खुर्च्या-टेबलांच्या गावांतून त्यांचे भाग येत.

हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिश हवाई दलाच्या ४५ आणि ८२ क्रमांकांच्या तुकड्यांना ही विमाने मिळाली. १९४४ च्या उत्तरार्धात त्यांतली काही कोसळू लागली. पंखाचे वरचे आवरण मुख्य आधारदांड्यापासून सुटत असल्याचा संशय आला. वैमानिकाला काही करण्यास अवधीच उरत नसे. ठपका पहिल्यांदा चिकट्यावर आणि इथल्या हवेवर आला: उन्हाने तडकला, पावसाने सुटला. मेजर हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक हिंदुस्थानात आले. त्याने डिसेंबर १९४४ च्या आरंभी अहवाल दिला की चिकटा खराब झालेला नाही. पावसाळी हवेत लाकडाचा सांगाडा आक्रसल्याने अपघात झाले. अहवाल देणारे गृहस्थ विमान बनवणाऱ्या घराण्यातलेच होते, हे विसरून चालत नाही.

पुढच्या तपासण्यांनी वेगळेच सांगितले. इंग्लंडमध्ये डेफर्ड येथे विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने मॉस्किटोच्या सहा निरनिराळ्या प्रकारांत सारखेच दोष शोधून काढले. ही विमाने हॅटफील्ड आणि लीव्ह्‌सडनच्या कारखान्यांत तयार झाली होती. त्यांनी ना मान्सून पाहिला होता, ना वाळवी. दोष बांधणीत होता; चिकटकामाचा दर्जा समाधानकारक नव्हता. तरीही हवाई मंत्रालयाने बाहेर सांगताना हवामानाचेच कारण पुढे ठेवले, कारण विमानावरचा विश्वास डळमळू द्यायचा नव्हता. पाणी आत झिरपू नये म्हणून पंखाच्या सांध्यावर लांबीभर प्लायवूडची पट्टी बसवण्यात आली. वैमानिकांना मृत्यूचे कारण म्हणून हिंदुस्थानचा पाऊस दाखवला गेला आणि कारखान्यातला नीट न बसलेला सांधा कागदपत्रांत राहिला.

नीट न बसलेला सांधा हा जगातला कुठलाही शिकंजा सुधारू शकत नाही. उलट जाडजूड लोखंडी शिकंज्याने वाकड्या फळ्या बळाने जवळ आणल्या, तर शिकंजा काढल्यावर तोच ताण कायम सांध्यावर बसतो. युद्धानंतर पांढरे पीव्हीए चिकटे घरोघरी गेले. मुंबईत १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि सुताराची शेगडीवरची सरसाची भांडी हळूहळू हद्दपार झाली. हा चिकटा अर्ध्या-एक तासात शिकंजा मोकळा करू देतो आणि त्याला अवाढव्य दाबही लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ दांड्याचे हलके, स्वस्त शिकंजे त्यामुळेच चालू शकले. फार आवळले तर त्यांचा दांडा वाकतो, ही त्यांची उणीव खरी. पण तेवढे आवळावे लागत असेल तर फळी पुन्हा रंध्याखाली घालायला हवी. जड लोखंडी शिकंजा पातळ फळीला स्वतःच्या वजनाने पीळ देतो, हे विकत घेताना क्वचितच कोणी सांगते.

सप्टेंबर २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या आर्डमोर येथून केए ११४ क्रमांकाचे मॉस्किटो पुन्हा उडाले. कॅनडात बनलेल्या या विमानाचे मूळ लाकूड कुजून गेले होते. ग्लिन पॉवेल यांनी साचे नव्याने तयार केले होते. त्यांच्यावर धडाची दोन्ही अर्धके पुन्हा एकदा थराथराने चिकटवली गेली.