नाडीचा काच

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली, वही मिटली आणि बोलता बोलता परकराच्या नाडीचा विषय निघाला. कमरेवर काळा पट्टा कुणाकुणाला आहे, असं मी विचारलं. निम्म्याहून जास्त हात वर आले. पण डॉक्टरांना तो दाखवणारी एकही निघाली नाही. म्हणून आज या पट्ट्याचा इतिहास सांगते.

1775 सालची गोष्ट. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे सर्जन होते. लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना पुढे अंडकोषाच्या कातडीवर चामखिळीसारखी जखम व्हायची. लोक तिला गुप्तरोग समजून पाऱ्याची औषधं द्यायचे. पॉट यांनी लिहिलं, की कातडीच्या घड्यांत साचलेली काजळी हे याचं कारण आहे आणि जखम वेळेवर कापून काढायला हवी.

1866 मध्ये काश्मीरमधल्या डॉ. एल्म्स्ली यांनी वेगळंच कारण दाखवलं. तिथली माणसं थंडीत अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षं शेक बसलेल्या पोटावर आणि मांडीवर कॅन्सर होत होता.

मग आली आपली मुंबई. टाटा हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं. तिथल्या डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी 1945 मध्ये धोतर आवळून बांधण्याच्या जागी होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तो दिसला. 2024 मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी सत्तर वर्षांच्या एका आजींची हकिगत छापली. त्यांच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरली नव्हती. तपासणीत कॅन्सर निघाला.

बायांनो, घाबरू नका. असा कॅन्सर फार क्वचित होतो. बहुतेक पट्टे नुसत्या काचण्याचे असतात. पण जखम महिनाभरात भरली नाही, कडा जाड झाल्या, रक्त आलं किंवा जांघेत गाठ लागली, तर दवाखाना गाठा. डॉक्टर जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅन्सर असला तर भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट तो भाग काढतात. कडेला काही उरलं का, तेही तपासतात.

म्हणूनच चुना लावून किंवा डाग देऊन जखम जाळू नका. वरून ती सुकल्यासारखी दिसते, आत रोग वाढत राहतो आणि तपासणीही लांबते.

नाडी सैल बांधा, रुंद पट्टीची घ्या, बांधायची जागा बदला. रात्री परकर सोडून गाऊन घाला.

पॉट यांच्या काळी अशा जखमेला लोक गुप्तरोग समजायचे. अडीचशे वर्षं झाली, आता ती लाज आपण सोडू या. पुढच्या बैठकीत हप्ता भरायच्या आधी एकमेकींना एवढं विचारा, "ताई, कमरेवरची जखम भरली का गं?"