राणे, रामा राघोबा
(२६ जून १९१८ – ११ जुलै १९९४). परमवीरचक्राचे मानकरी, भारतीय सेनेच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातील अधिकारी. जन्म कारवारजवळील चेंडिये गावी. वडील पोलीस शिपाई. १९४० मध्ये राणे सैन्यात जवान म्हणून भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर लढले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले. सेकंड लेफ्टनंट म्हटले की प्रबोधिनीतून नुकताच बाहेर पडलेला विशीतला तरुण डोळ्यांसमोर येतो. राणे मात्र तिशीला टेकलेले होते आणि सात वर्षांचा सैनिकी अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

भारत-पाकिस्तान युद्धात एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधील नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या चौथ्या डोग्रा पलटणीबरोबर ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची त्यांची तुकडी होती. शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, झाडे पाडून रस्ता अडवला होता. ती वाट मोकळी झाल्याखेरीज रणगाड्यांना पाऊल टाकता येत नव्हते. ८ एप्रिलला सुरुंग काढण्याचे काम सुरू होताच तोफगोळे पडू लागले. दोन सॅपर ठार झाले. जखमी पाचांत खुद्द राणेही होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही. रणगाड्याखालून सरपटत, दोर ओढून वरच्या चालकाला खुणा करत त्यांनी गाडे सुरुंगांतून पुढे काढले. पुढचे तीन दिवस हेच चालले : सुरुंग उकरायचे, ओंडके स्फोटकांनी उडवायचे, वळसा घालून नवी वाट काढायची आणि सगळे डोंगरावरून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात. ११ तारखेला रणगाडे चिंगसला पोचले. ही मोगलांच्या काश्मीर-वाटेवरची जुनी सराई. दुसऱ्याच दिवशी राजौरी हाती आली.

१९४७-४८ च्या या युद्धासाठी पाच परमवीरचक्रे दिली गेली. त्यांपैकी तीन मरणोत्तर होती. हयातीत सन्मान मिळाला तो करमसिंग आणि राणे यांना. शौर्यकथांत हल्ला चढवणारा वीर पटकन उठून दिसतो. गुडघ्यांवर बसून माती चाचपणाऱ्या सॅपरला तिथे जागा कमीच मिळते. म्हणूनच राणे यांचे हे पदक वेगळे ठरते.

राणे पुढे मेजरपदापर्यंत चढले. त्यांचे निधन पुण्यात झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा असून २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.