पायरी झालेला खांब : क्षुल्लक वस्तू, हसू आणि इतिहास

१/ इतिहासाच्या पुस्तकांत नाणे, ताम्रपट, तोफ अशा वस्तू गंभीर चेहऱ्याने बसलेल्या असतात. काही कलावंतांनी मात्र क्षुल्लक वस्तूंचीच पुस्तके केली आणि हसवता हसवता काळाचा मागोवा घेतला. त्यांच्याविषयी हा थ्रेड.

२/ १९६३. अमेरिकन चित्रकार एड रुशे याने २६ पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचे छोटे पुस्तक स्वतःच काढले. प्रती ४००. मजकूर म्हणजे पंपाचे नाव आणि ठिकाण. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने ते नाकारले, रुशेने त्या नकाराचीच जाहिरात केली!

३/ अशा निर्मितीला ‘आर्टिस्ट बुक’ म्हणतात. येथे पुस्तक हीच कलाकृती. काटेकोर अर्थाने नव्हे, परंतु वृत्तीने तिचे मराठी सोयरे म्हणजे अरुण कोलटकर, कवी आणि जाहिरातक्षेत्रातील ग्राफिक डिझायनर.

४/ त्यांचे इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ साली ‘क्लिअरिंग हाऊस’ने काढले. ही कवींनीच उभारलेली प्रकाशनसंस्था, मुखपृष्ठे कोलटकरांची. १९७७ मध्ये ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

५/ या यात्रेत खंडोबाइतक्याच वस्तू बोलतात. पायरी वाटते तो आडवा पडलेला खांब निघतो. मोडक्या दारावर कुणाची अर्धी चड्डी वाळत असते. आपण हसतो आणि त्याच क्षणी देवळाचा उत्तरकाळ दिसतो.

६/ खांब केव्हा घडवला, हे आपण नोंदवतो. तो पायरी केव्हा झाला, हे सहसा कुणी लिहीत नाही. वस्तूच्या या दुसऱ्या आयुष्यातच शिलालेख न कोरणारी माणसे भेटतात.

७/ वसईला हे नवे नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. त्या मोहिमेतील चर्चच्या घंटा घाटावरील देवळांत गेल्या, असे परंपरा सांगते. वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर आजही मेरी आणि बाळ येशू आहेत. घंटा तीच, भक्त बदलले.

८/ २००४ साली आलेल्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये कोलटकरांनी सायकलच्या जुन्या टायरलाही स्थान दिले. त्याच वर्षी ते गेले.

९/ आज गोखिवऱ्यापासून विरारपर्यंत जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. जाते, पाटा, दगडी उंबरठा डेब्रिजमध्ये जातात. जाण्यापूर्वी त्यांचा फोटो घ्या. घरातल्या आजीला विचारा, ही वस्तू आधी काय होती, पुढे काय झाली. उत्तर ऐकून हसू आले, तर तेही लिहून ठेवा.