थ्रेड : मोल्काहेते आणि साल्साची दोन कुळे

१/ मेक्सिकोतील अनेक घरांत आजही एक काळा, खडबडीत, तीन पायांचा दगडी खल आढळतो. त्याचे नाव मोल्काहेते. भाजलेले टोमॅटो व मिरच्या त्यात वाटून घरच्यांसाठी जे तोंडीलावणे तयार होते, तो साल्सा. हा शब्द स्पॅनिश. लॅटिनमधील मूळ अर्थ 'खारवलेली'. पदार्थ मात्र स्पॅनिशांनी आणलेला नव्हे.

२/ खलाचे नाव आले अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून. 'मोल्ली' म्हणजे चटणी वा रस्सा, 'काशित्ल' म्हणजे वाडगा. 'टोमॅटो' आणि 'चिली' हे शब्दही त्याच भाषेचे. भांडे स्थानिक, जिन्नस स्थानिक, आणि वर चिकटलेले नाव तेवढे जेत्यांचे.

३/ याचा लिखित पुरावा आहे. १५२९ मध्ये मेक्सिकोत आलेला फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याच्या देखरेखीखाली बारा खंडांचा एक ग्रंथ सिद्ध झाला. आज तो 'फ्लोरेंटाइन कोडेक्स' म्हणून ओळखला जातो. त्याच्या दहाव्या खंडात बाजारातील विक्रेत्यांची वर्णने आहेत, आणि ती अत्यंत रसाळ आहेत. भोपळ्याच्या बिया, मिरची व टोमॅटो यांच्या चटण्या तिथे भेटतात. चांगला टोमॅटोविक्रेता लहान-मोठी, लाल-पिवळी फळे निवडून मांडतो. वाईट विक्रेता नासकी, दबलेली, पोट बिघडवणारी आणि घसा खरवडणारी कच्ची फळे गळ्यात मारतो. मंडईत फसलेल्या कुणालाही हा मजकूर परका वाटणार नाही!

४/ हे लिहिले कुणी? श्रेय साआगुनला मिळते. परंतु माहिती सांगणारे नाहुआ वृद्ध होते, आणि ती टिपणारे त्लातेलोल्कोच्या विद्यालयात शिकलेले नाहुआ तरुण. १५७६ मध्ये भयंकर साथ पसरली, माणसे झपाट्याने मरत होती, तेव्हाही ग्रंथाचे काम चालू होते. जग डोळ्यांदेखत ओसरत असताना कुणीतरी चटण्यांची नावे लिहून ठेवत होते. वाटणाऱ्या स्त्रियांचा आवाज मात्र त्यातही क्वचितच ऐकू येतो.

५/ 'अस्सल प्राचीन साल्सा' असा दावा हल्ली सर्रास होतो. तो अर्धाच खरा. कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू हे सारे स्पॅनिशांच्या मागोमाग आले. त्यांच्याविना आजचा साल्सा ओळखूही येणार नाही.

६/ मिरचीने उलट दिशेचा प्रवास केला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि पुढील काळात ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मराठीने तिला मिरीवरून नाव दिले. महाराष्ट्रात लसूण जुनी, मिरची नवी. मेक्सिकोत मिरची जुनी, लसूण नवी. खलात दोन्हीकडे त्यांची गाठ पडली. टोमॅटो येथील रोजच्या स्वयंपाकात बराच उशिरा रुळला. ठेच्यात तो नसतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

७/ या दगडाभोवती केवळ स्मरणरंजन करणे योग्य नाही. मोल्काहेतेचा थोरला भाऊ म्हणजे मेताते, आपल्या पाटा-वरवंट्यासारखा. त्यावर मका वाटण्यात स्त्रियांचे दिवसाचे कित्येक तास जात. विसाव्या शतकात गिरण्या आल्या, पुढे मिक्सर आला, आणि अनेकींनी दगड आनंदाने बाजूला सारला. तो त्यांचा अपराध नव्हे.

८/ उत्तरेकडे साल्सा बरणीत गेला. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याच्या विक्रीच्या रकमेने केचपला मागे टाकले.

९/ तरीही मोल्काहेते आईकडून मुलीकडे जातो. वापराने गुळगुळीत झालेला जुना खल नव्यापेक्षा मोलाचा. कारण नव्याची कच झडते आणि दाताखाली येते. ती घालवण्यासाठी त्यात कच्चे तांदूळ वाटतात, टाकून देतात, पुन्हा वाटतात. पीठ पांढरेशुभ्र निघेपर्यंत. हे तांदूळही स्पॅनिश जहाजांतूनच आलेले.