पट्टीवरची खाच

२००१ च्या दिवाळीत आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. पेन्टियम फोर! शेजारीपाजारी मुद्दाम बघायला आले होते. दोन वर्षांत तो रखडू लागला, तेव्हा 'रॅम वाढवा' असा सल्ला ज्याने त्याने दिला. मी दुकानात गेलो, 'पेन्टियम फोर आहे' एवढेच सांगितले आणि २५६ एमबीची पट्टी घेऊन आलो. रविवारी दुपारी कॅबिनेट उघडून ती स्लॉटवर धरली. लांबी अगदी तंतोतंत, पण बसेना. मग दोन्ही अंगठ्यांनी जोर केला आणि 'कट्' असा आवाज आला. स्लॉटच्या मधला प्लॅस्टिकचा छोटा उंचवटा तुटला होता. तो स्लॉट कायमचा गेला. दोष दुकानदाराचा नव्हता, विचारायला हवे ते मीच विचारले नव्हते.

तो उंचवटा तिथे का होता, हे नंतर कुतूहलाने शोधत गेलो.

एके काळी संगणकाची स्मृती कोणत्या प्रकारची, हे नुसते बघून कळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक'मध्ये फेराइटचे इवले मणी तारांत ओवलेले होते. एका मण्यात एक बिट. सगळे मिळून २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा किलोबाइट! आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत एक बिट साठवण्याची कल्पना सुचली. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, १९७० मध्ये इंटेलची '११०३' ही चिप बाजारात आली आणि मणी मागे पडले. हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ. त्यातला विद्युतभार झिरपून जातो, म्हणून तो पुन:पुन्हा भरावा लागतो. माझ्या पट्टीच्या काळात हे दर ६४ मिलिसेकंदांत होत असे. मूळ युक्ती आजही तीच आहे. बदलत गेले ते माहिती आत-बाहेर नेण्याचे तंत्र, वेग आणि व्होल्टेज. वरून मात्र सगळ्या चिपा सारख्याच काळ्या. मग ओळख ठेवायची कुठे? ती पट्टीच्या कडेला आली.

एसडीरॅमच्या पट्टीला १६८ पिना आणि दोन खाचा. मधली खाच व्होल्टेज सांगते. ती ३.३ व्होल्टवर चालते. डीडीआरला १८४ पिना, खाच एकच आणि व्होल्टेज २.५. म्हणजे मी मोडला तो उंचवटा चुकीच्या पट्टीला वीज मिळू नये म्हणून ठेवलेला पहारेकरी होता.

पण 'पेन्टियम फोर' एवढे सांगणे पुरे का पडले नाही? त्यामागे एक व्यापारी झुंज आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हा प्रोसेसर आला तेव्हा इंटेलने त्याला रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅमशी बांधले होते. ती महाग. शिवाय रिकाम्या स्लॉटमध्येही एक पोकळ पट्टी बसवावी लागे. गिऱ्हाइके कुरकुरू लागली. २००१ मध्ये साधी एसडीरॅम चालणारा मदरबोर्ड आला आणि पाठोपाठ डीडीआर चालणारा. एकाच नावाचा प्रोसेसर, पण स्मृती तीन तऱ्हांची! दिवाळीतला माझा कॉम्प्युटर मधल्या तऱ्हेचा होता आणि २००३ मध्ये दुकानात डीडीआरच सर्रास मिळत होती.

नावांचा घोळ तर निराळाच. एसडीरॅमवर 'पीसी १३३' लिहिलेले असे, ते मेगाहर्ट्झ. डीडीआरवर 'पीसी ३२००', तो सेकंदाला मेगाबाइटचा हिशेब, ४०० गुणिले ८. प्रतिस्पर्धी 'पीसी ८००' म्हणवत असताना आपला आकडा मोठा दिसावा, हा त्यातला डाव असावा असे मला वाटते. पिना मोजूनही खात्री होत नाही. आरडीरॅम आणि डीडीआर, दोघींना १८४. २००३ ची डीडीआर टू आणि २००७ ची डीडीआर थ्री, दोघींना २४०. डीडीआर फोर आणि फाइव्ह, दोघींना २८८. प्रत्येक वेळी खाच तेवढी सरकलेली असते. काही वेळा ती इतकी थोडी सरकते, की दोन पट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

पट्टीवर कोपऱ्यात आणखी एक बारीकशी चिप असते. यंत्र सुरू होताना मदरबोर्ड तिला विचारतो, 'तू कोण?' तिच्यातला तिसरा बाइट उत्तर देतो: ४ असेल तर एसडीरॅम, ७ डीडीआर, ८ डीडीआर टू, ११ डीडीआर थ्री. कॅबिनेट न उघडता प्रकार सांगणारी 'सीपीयू-झेड'सारखी सॉफ्टवेअर हीच चिप वाचतात. यंत्र सुरूच होत नसेल, तर मात्र ते बंद करून, वायर काढून, पट्टी हातात घेऊन बघावे लागते.

आमचा कॉम्प्युटर उरलेल्या एका स्लॉटवर आणखी चार वर्षे चालला. तुटलेला प्लॅस्टिकचा तुकडा काडेपेटीत घालून ठेवलेला अजून आहे. न वापरलेली ती डीडीआरची पट्टी पुढे पुतण्याच्या कॉम्प्युटरला उपयोगी पडली. देण्याआधी, अर्थात, मी त्याच्याकडची जुनी पट्टी आणवून खाचेला खाच लावून पाहिली.