एकच नाव, तीन लिप्या : संगणक नाव कसं शोधतो?

आपल्या घरांत निकाहनामा उर्दूत, शाळेचा दाखला मराठीत आणि पॅन कार्ड इंग्रजीत असतं. नाव एकच, पण शोधायला गेलं की 'सापडत नाही' असं उत्तर येतं. असं का होतं, ते आपण थोडक्यात पाहू.

संगणक अक्षर ओळखत नाही, त्याला दिलेला क्रमांक ओळखतो. हे क्रमांक युनिकोड या पद्धतीत ठरलेले आहेत; तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. नुक्त्याचं 'क़' दोन पद्धतींनी साठवता येतं. दिसायला सारखंच, क्रमांक वेगळे. म्हणून आधी सगळी अक्षरं एका पद्धतीत आणावी लागतात.

पुढची अडचण लिपीची. उर्दूत 'शेर' (सिंह) आणि 'शीर' (दूध) सारखेच लिहितात. उलट, उर्दूत 'नज़ीर' ज़ालने लिहिलं तर अर्थ सावध करणारा, ज़ोयने लिहिलं तर दाखला किंवा तोड. मराठीत मात्र दोन्ही 'नजीर' किंवा 'नझीर' होतात. त्यामुळे चांगली यंत्रणा मूळ नाव तसंच ठेवते, सोबत उच्चाराची एक खूण साठवते आणि जवळची सगळी नावं दाखवते. 'रेख्ता'च्या शब्दकोशात उर्दू, देवनागरी आणि रोमन, तिन्ही लिप्यांत शब्द शोधता येतो.

तिसरी अडचण व्याकरणाची. आपल्याच गावाचं बघा : नेवासा, नेवासे, नेवाशात, नेवाशाचा. मूळ शब्द ओळखला नाही तर 'नेवाशात' लिहिलेली बातमी 'नेवासा' टाकून मिळणार नाही. शिवाय २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या कागदांसाठी दोन्ही नावं जोडावी लागतात.

मतदार यादीत नाव बघताना हे ध्यानात ठेवा. शेख-शेक, सय्यद-सैयद, मोहम्मद-मुहम्मद-मो. अशी सगळी रूपं टाकून बघा. ओळखपत्राचा क्रमांक असेल तर त्यानेच शोधा. क्रमांकाला स्पेलिंगची अडचण नसते. तरीही मिळालं नाही तर यादी स्वतः डोळ्यांखालून घाला.

शाळेत मुलाचं नाव घालताना तिन्ही लिप्यांतलं नाव एका कागदावर लिहून न्या आणि दाखल्यावर तेच आलं का, ते तिथेच तपासा. यंत्र जवळचं नाव सुचवतं. तोच माणूस आहे का, हे वडिलांचं नाव, वय आणि पत्ता बघून माणसानेच ठरवायचं असतं.