ब्रह्मचारी (चित्रपट)

ब्रह्मचारी : (१९३८). मराठीतील गाजलेला विनोदी प्रेमपट. निर्मिती कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सची. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत. दिग्दर्शन मास्टर विनायक, कथा व संवाद प्र. के. अत्रे, छायालेखन पांडुरंग नाईक, संगीत दादा चांदेकर. प्रमुख भूमिका : मास्टर विनायक (औदुंबर), मीनाक्षी शिरोडकर (किशोरी).

कथानक : औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून तो भारावतो आणि घरी येताच जमवलेली नटनट्यांची चित्रे फेकून देतो. पुढे तो आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. तिथे किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि ब्रह्मचर्य पाळण्याच्या त्याच्या निग्रहाला तडे जाऊ लागतात.

वैशिष्ट्ये : या प्रेमकथेत पुढाकार नायिकेचा आहे. यमुनेतील जलक्रीडेचे गाणे गात किशोरी पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरते. पडद्यावरच्या मराठी नायिकेचे असे मोकळे रूप तेव्हा नवे होते, त्यामुळे मोठी खळबळ उडाली. आज त्या प्रसंगात नजरेत भरतो तो तिचा निःसंकोच आनंद. ती कुणाची परवानगी मागत नाही, कुणापुढे लाजून उभी राहत नाही.

याच सुमारास हॉलिवुडमध्येही १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’पासून धांदलीच्या प्रेमविनोदांची लाट आली होती. ‘ब्रह्मचारी’च्याच वर्षी हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आला. त्यातला पुराजीवशास्त्रज्ञ डायनोसॉरचा सांगाडा जुळवण्यात गढलेला असतो. कॅथरीन हेपबर्नची नायिका बिबट्यासह त्याच्या आयुष्यात शिरते आणि शेवटी सांगाडाच कोसळतो. ‘ब्रह्मचारी’त कोसळते ती ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा. दोन्हीकडे नियमात बांधून घेतलेल्या पुरुषाला माणसांत आणते ती स्त्रीच. मात्र अत्र्यांच्या विनोदाची मुळे इथल्या मातीत आहेत : व्याख्यानांची भुरळ, देशसेवेच्या नावाखाली अंगावर घेतलेली व्रते आणि तरुण मनाची ओढाताण. औदुंबरला हसता हसता प्रेक्षकाला त्याच्याविषयी माया वाटते. विनायकांच्या निरागस अभिनयाचे हे यश होय.

प्रभाव : विनायक-अत्रे जोडीने पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) दिला, त्यात दामुअण्णा मालवणकर चमकले. ‘ब्रह्मचारी’ पुढे नाटक म्हणून रंगभूमीवरही आले. प्रशांत दामले व वर्षा उसगावकर यांनी ते नव्या पिढीपर्यंत पोचवले. उपदेशाचा आव न आणता माणसाच्या स्वाभाविक ओढीची बाजू घेणारा हा चित्रपट मराठी प्रेमविनोदाचा पाया मानावा, इतक्या मोलाचा आहे.